किनाऱ्यावर न्यायची पिशवी

कोचीहून दुपारी सुटलेलं ‘एम. व्ही. कवरत्ती’ रात्रभर चालतं. सकाळी जाग आली की बेट खिडकीसमोर असतं, पण लांब. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. भोवती प्रवाळाचा कडा आणि कड्याच्या आत उथळ, निळंशार पाणी. सातशे माणसं घेणारं जहाज तिथे आत शिरणार कसं? ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. बेटावरून लहान बोटी येतात, जहाजाच्या कुशीतला एक दरवाजा उघडतो आणि तिथून हलत्या बोटीत उतरायचं. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी ही सहल लक्षद्वीपचं सरकारी पर्यटन खातं चालवतं. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. जहाज दिवसभर डोळ्यांसमोर दिसत असतं, पण ‘थांब गं, वर जाऊन टोपी घेऊन येते’ याला संध्याकाळपर्यंत वाव नाही.

त्यामुळे पिशवीत काय हवं हे वाळूवर ठरत नाही, त्या दरवाज्यात ठरतं.

दरवाज्याशी दोन खलाशी उभे असतात. ते तुमचे दोन्ही दंड धरतात आणि खालचे दोघे तुम्हाला झेलतात. लाटेबरोबर बोट हातभर वर येते, तितकीच खाली जाते. एका हातात पर्स, दुसऱ्यात पाण्याची बाटली, खांद्यावरून घसरणारी झोळी अशा थाटात आलेल्यांना खलाशी सरळ मागे सारतात. सामान आधी खाली जातं, मग माणूस. पाठीवर घट्ट बसणारी सॅक असेल तर हा प्रश्नच येत नाही. आमच्यासोबत मावशी होती, वय सत्तरीपुढचं. मीच तिला म्हटलं, “मावशी, भीती वाटत असेल तर तू जहाजावरच थांब.” ती हसली. तिचं माहेर हर्णैचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायचं आणि हर्णैला भर समुद्रात पडावात उतरायचं, हे तिने कितीतरी वेळा केलेलं. “बोट वर येते ना, तेव्हा पाय टाकायचा. खाली जाताना टाकलास तर गेलीस,” असं मलाच बजावून ती पदर खोचून उतरलीसुद्धा.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी जहाजावरच, उतरायच्या अर्धा तास आधी घ्यावी. एकदा मळमळायला लागलं की ती पोटात राहत नाही. खरं म्हणजे मोठ्या जहाजावर फारसं काही होत नाही, त्रास होतो तो या छोट्या बोटीत, डिझेलचा वास नाकात जाऊ लागला की. मावशीकडे आलेपाकाच्या वड्या होत्या. त्या बोटभर फिरल्या, अनोळखी गुजराती कुटुंबातसुद्धा.

आता पंचा. जहाजावरचा जाड टॉवेल न्यायचा मोह सगळ्यांना होतो. तो भिजला की दोन किलोचा होतो आणि समुद्राच्या दमट वाऱ्यात संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. सुती पंचा घडी केला तर मुठीत मावतो. झाडाच्या फांदीवर टाकला की तासाभरात वाळतो. डोक्याला गुंडाळता येतो, कपडे बदलताना आडोसा होतो, जेवताना मांडीवर येतो. कल्पेनीला आम्ही एकच पंचा तिघींनी दिवसभर वापरला.

पायांचंही तसंच. फोटोत ती वाळू पिठासारखी दिसते, आणि कोरडी असताना असतेही. पाण्यात मात्र खाली मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात, धारदार. कल्पेनीच्या एका बाजूला तर अशा तुकड्यांचा बांधच्या बांध आहे. 1847 च्या वादळाने तो उभा केला असं सांगतात. साधी रबरी चप्पल पाण्यात पायातून निघून तरंगायला लागते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. प्रवाळाने खरचटलं तर लवकर भरून येत नाही, तेव्हा जंतुनाशक मलम आणि चिकटपट्टी जवळ असू द्यावी. आणि चष्मा असणाऱ्यांनी त्याला मागून दोरी लावावी. लाटेत गेलेला चष्मा परत मिळत नाही, आणि पुढच्या मुक्कामी चष्म्याचं दुकान कुठून येणार?

उन्हाचं गणित इथे वेगळं. वाळू पांढरीशुभ्र, त्यामुळे ऊन खालूनही येतं. टोपी घातलेल्यांच्या हनुवटीखालची कातडी लाल झालेली मी पाहिली. मी सनस्क्रीन फासण्यापेक्षा अंगभर कपड्याच्या बाजूने आहे. एक तर काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई आणि पलाऊने ती बंद केली आहेत. दुसरं, पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा कुर्ता आणि लेगिंग्ज घालून पाण्यात शिरलं की ऊन आणि प्रवाळ दोन्हींपासून बचाव. शिवाय गावातून चालत जाताना वेगळे कपडे शोधावे लागत नाहीत. ही मुस्लिम वस्तीची, साध्या वळणाची गावं आहेत. पोहण्याच्या पोशाखात घरांसमोरून फिरणं बरं दिसत नाही. दारूलाही या बेटांवर बंदी आहे, ती पिशवीत दडवून आणायचा विचारही करू नये.

पाण्याची बाटली भरूनच उतरावं. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत राहतं. तेवढंच काय ते विहिरीचं गोडं पाणी. कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. समुद्राच्या पोटातल्या गार पाण्याचा आणि वरच्या कोमट पाण्याचा फरक वापरून तो चालतो, दिवसाला लाखभर लिटर पाणी देतो. हे कळल्यावर किनाऱ्यावरच्या नळाखाली पाय खळखळून धुवायला हात धजत नाही. वाळू वाळू द्यावी, आपोआप झडते.

खाणं फार नेऊ नये. उतरल्याबरोबर शहाळं हातात येतं. दुपारी भात, टूना माशाचं कालवण, शाकाहाऱ्यांसाठी भाज्या असं जेवण बेटावरच असतं. आमच्यातल्या एका काकूंनी ठेपले, चिवडा, लाडू असा मोठा डबा उतरवला होता. तो जसाच्या तसा परत चढवताना खलाशाच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मल्याळम न येताही समजले. ओळखपत्र आणि बेटांवर येण्याच्या परवान्याची प्रत मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगावरच. सुटे पैसेही तसेच. ओल्या कपड्यांसाठी आणखी एक जाड पिशवी, आणि मांड्या-काखांना लावायला खोबरेल. खाऱ्या पाण्याने कातडी घासली गेली की संध्याकाळी चालवत नाही.

बेटावरून परत काय आणायचं, याचं उत्तर सोपं आहे. प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तो वाघाच्या पंगतीला आहे. किनाऱ्यावरचे शंखही राहू द्यावेत. आमच्या बोटीत एका मुलाच्या खिशातला शंख पाय काढून चालायला लागला, आत संन्यासी खेकडा होता. वाटाड्याने बोट अडवून ठेवली आणि मुलाने तो पाण्यात नेऊन सोडल्यावरच आम्ही निघालो.

आणायचंच असेल तर मिनिकॉयचा मास. हे बेट इतर लक्षद्वीपपासून दूर, मालदीवच्या शेजाराला. भाषाही मालदीवकडची, माहल. इथले लोक गळ लावलेल्या काठीने एकेक टूना पकडतात, उकडतात, धुरावर धरतात आणि उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. 1885 चा दीपस्तंभ बघायला आम्ही सगळे वर चढलो, तेव्हा मावशी खालीच थांबून एका बाईशी हातवाऱ्यांनी भाव करत होती. तिने तो मास दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि वरून पंच्यात गुंडाळला. तरी केबिन दरवळली, आणि एर्नाकुलमहून परतताना गाडीच्या डब्यातही शेजारच्या बर्थवरचे गृहस्थ दोनदा उठून संडासाचं दार नीट लागलंय का ते बघून आले.