काय लावणी लावलीये!

लग्नानंतर सहा महिन्यांत नवऱ्याची बदली तंजावरला झाली. घरमालकीण आजी तंजावरी मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं, त्यामुळे मला अर्धं कळायचं आणि उरलेलं मी हसून साजरं करायची. एका रात्री दुधाला विरजण कुणी लावायचं यावरून आमची जुंपली. आवाज चढले. खालून आजींनी विचारलं, लावणी संपली का?

मी गप्पच झाले. लावणी? आमच्या दोघांत नाचण्यासारखं कुणी नव्हतं.

हा शब्द मला आधी भेटला तो चिखलात. पेणजवळच्या आजोळी मृगानंतर राबातली रोपं उपटून मुठी बांधायच्या, खाचरात फेकायच्या आणि पाठीवर इरलं घेऊन वाकून एकेक रोप रोवायचं, ती लावणी. कमरेची आणि लावणीची दुश्मनी तेव्हाच कळली होती. पुढे शहरातल्या शाळेत गॅदरिंगला आम्ही लावणी बसवायची म्हटल्यावर बाईंनी कोळीगीत सुचवलं. एकाच शब्दाची एक बाजू अन्न पिकवणारी, दुसरी चारचौघांत न उच्चारण्याची. आणि आता ही तिसरी.

आजींनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. 1676 च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावरची गादी धरली, तेव्हापासून पावणेदोनशे वर्षांत मराठी शाहिरीही कावेरीकाठी मुरली. तिथली लावणी मात्र नाचाची नाही, भांडणाची. कामन पंडिगै म्हणजे आपल्या होळीच्या सुमाराचा सण. शंकरानं तिसरा डोळा उघडला आणि मदन जळाला. पण खरंच जळाला का? दोन फड समोरासमोर बसतात. एक ‘एरिंद कच्ची’, म्हणजे जळाला म्हणणारा पक्ष. दुसरा ‘एरियाद कच्ची’, जळालाच नाही म्हणणारा. डफावर थाप पडते आणि एकाच्या गाण्यातला सवाल दुसरा गाण्यातच परतवतो. रात्र सरते, मदनाचा निकाल लागत नाही. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचीच ही बहीण: तुरेवाले शिवाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला, आणि मिटवायची घाई कुणालाच नाही.

शब्दातलं गाणं हळूहळू मागे पडलं, भांडण शिल्लक राहिलं. दोन पुढारी एकमेकांवर रोज पत्रकं फेकू लागले की तमिळ माणूस म्हणतो, लावणी गाताहेत. तिथं राजकीय पक्षालाही ‘कच्ची’च म्हणतात, त्यामुळे विनोद आयताच जमतो.

इंटरनेटवरच्या बोलीचे अर्थ भाचा मला शिकवू लागला, तेव्हा हे सगळं आठवलं. तिथं तावातावाच्या वादाला ‘फ्लेम’ म्हणतात, ज्वाळा! बिचारा मदन तिथंही जळतोच आहे. ‘ट्रोल’चं मूळ मासेमारीत सांगतात: चालत्या होडीमागे आमिष ओढत न्यायचं आणि कोण गळाला लागतंय ते बघायचं. त्या शब्दावर राक्षसाचा अर्थ चढला तो नंतर. भाच्याला वाटतं हे शब्द परवा जन्मले. मला वाटतं, टोळी जमली आणि वाद रंगला की जवळच्या कामाधंद्यातला शब्द उचलायचा, ही खोड फार जुनी आहे. फरक एवढाच की कामन पंडिगैत हरणाऱ्याला निदान ताल तरी सांभाळावा लागतो.

लावणी ‘लावणे’वरून की ‘लावण्या’वरून, यावर आपल्याकडे विद्वानांचे दोन फड आहेतच. माझं मत ‘लावणे’कडे झुकतं, पण त्याला कारण आजोळचा चिखल, व्युत्पत्तीत त्याला किंमत नाही.

तंजावर सोडायच्या आधीच्या जूनमध्ये आजींबरोबर बसनं तिरुवैयारूला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुरुवै भाताची रोपं लागत होती. चिखलात बायकांची रांग, वाकलेल्या पाठी, हवेतून येणाऱ्या मुठी. इरली तेवढी नव्हती. मी खिडकीला नाक लावून बसले.

“काय बघतेस एवढं?” आजींनी विचारलं.

“लावणी,” मी म्हणाले.

आजींनी चटकन मागे वळून पाहिलं, बसमध्ये कोण भांडतंय म्हणून.