वाऱ्याची शाळा कल्पिटियाला

कोलंबोच्या उत्तरेला, श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी समुद्रात घुसलेली दिसते. तिच्या टोकाशी कल्पिटिया हे मासेमारांचे गाव आहे. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला पुत्तलमची उथळ खाडी. मे महिन्यात नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत तो क्वचितच विसावतो. याच वाऱ्यासाठी देशोदेशीची माणसे इथे काईटसर्फिंग शिकायला येतात.

कमरेला हार्नेस, वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भला मोठा पतंग आणि पायांखाली फळी, असा हा खेळ. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच्या शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. मोबाइलवर अशी दृश्ये पाहिलेली दहावी-अकरावीची मुले सुटीत ‘आपणही शिकू या’ म्हणून हट्ट धरतात आणि आईच्या पोटात गोळा येतो.

ती भीती अगदीच निराधार नाही. पतंग मोठ्या माणसालाही फरपटत नेऊ शकतो. म्हणून ठिकाण निवडताना हॉटेलच्या फोटोंआधी पाणी आणि वारा पाहायला हवा. कल्पिटियाच्या खाडीत बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेएवढेच असते, लाटा नसतात. पडलेले मूल पाय टेकवून उभे राहू शकते. नवशिक्याला याहून मोठा दिलासा नाही.

मॉरिशसचे ल मोर्न याहून देखणे आहे, यात वाद नाही. जागतिक वारसा यादीत असलेला तो डोंगर, खाली निळेशार पाणी, शिवाय एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आजही आहेत. तिथेही नवशिक्यांसाठी उथळ भाग आहे. पण प्रवाळाच्या कडेपलीकडे मोठ्या लाटा फुटतात आणि कडेतल्या फटींतून पाणी बाहेर ओढले जाते. शिवाय तिथला खरा हंगाम जून ते सप्टेंबरचा, म्हणजे आपल्याकडे शाळा सुरू झाल्यावरचा. मेच्या सुटीत, मुले पहिल्यांदाच शिकणार असतील, तर कल्पिटियाच बरे. सुटी लवकर संपणार असली तरी मेचा दुसरा पंधरवडा गाठावा. वारा तोवर बसलेला असतो.

आता शाळेची निवड. ‘एका दिवसात शिकवतो’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. आधी जमिनीवर छोटा पतंग, मग फळीशिवाय पाण्यातून ओढले जाणे आणि शेवटी फळीवर उभे राहणे, या क्रमाला साधारण नऊ ते बारा तास लागतात. तीन-चार दिवस हाताशी हवेतच. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी, हे पत्रव्यवहारातच विचारून घ्यावे. दोघे असतील तर ठीक. त्याहून जास्त असतील तर मूल निम्मा वेळ पाण्यात नुसते उभे राहील आणि पैसे मात्र पूर्ण तासांचे जातील. शिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय काईटबोर्डिंग संघटनेचे प्रमाणपत्र आहे का, सुटकेची बोट तयार असते का, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का, हेही विचारावे. आणखी एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही: वारा जमिनीकडून खुल्या समुद्राकडे वाहत असला तर धडा घेता का? उत्तर ‘नाही’ असेच आले पाहिजे.

वयापेक्षा वजन महत्त्वाचे. हडकुळ्या मुलासाठी लहान पतंग लागतो आणि तो शाळेकडे असायला हवा. ‘मुलगा शिकेल, मुलगी किनाऱ्यावर बसेल’ हा हिशेब मात्र चुकीचा आहे. पतंगाची ओढ दंडावर नव्हे, हार्नेसवर येते. ताकदीपेक्षा हलका हात कामाला येतो. संक्रांतीला गच्चीवर रमणाऱ्यांना एक गोष्ट लगेच उमगेल. दोर ओढला की पतंग उसळतो, ढील दिली की नरमतो. इथेही भीती वाटली की हातातला दांडा सोडून द्यायचा, हा पहिला धडा. तेवढ्याने भागले नाही तर पतंगाचा जोर पूर्ण तोडणारी आपत्कालीन कळ असते. ती मुलाने शिक्षकासमोर चार वेळा दाबून दाखवल्याशिवाय त्याला पाण्यात सोडू नये. पोहता येणे अर्थातच आवश्यक.

प्रवास विम्याची बारीक अक्षरे वाचावीत. साहसी खेळ त्यातून बरेचदा वगळलेले असतात. थोडे जादा पैसे भरून ते जोडून घेता येतात. वारा पडला तर उरलेल्या तासांचे पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावे. खर्च झेपत नसेल किंवा मुलाचा हट्ट किती टिकतो याची शंका असेल, तर रामेश्वरमलाही हा खेळ शिकवला जातो. पासपोर्टची गरज नाही.

कटुनायके विमानतळ कोलंबोच्या उत्तरेलाच असल्याने शहरात न शिरता मोटारीने तीनेक तासांत कल्पिटिया गाठता येते. वाटेत पुत्तलमची मिठागरे लागतात. न शिकणाऱ्या आईबाबांसाठी सतराव्या शतकातला डच किल्ला आहे. तो नौदलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्याआधी परवानगीची चौकशी करावी. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची आशा मेमध्ये धरू नये. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिलचा. त्याऐवजी एक पहाट बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्पट्टूच्या जंगलासाठी राखून ठेवावी. त्या दिवशी मुलांचा धडा दुपारनंतरचा घ्यावा.