वापरलेलं

दुकानदारानं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, मग स्लाइड मागे ओढून आत डोकावला. "मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं. एक गोळी आत राहिलेली असू शकते," तो मला म्हणाला. मग रजिस्टर उघडून त्यानं बाबांना विचारलं, "वापर किती?"

"एकदाही नाही," बाबा म्हणाले.

आजी गप्प होती.

आजोबा परळच्या एका गिरणीत रोखपाल होते. पगाराची रोकड बँकेतून आणायची, म्हणून परवाना आणि हे .32 चं वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमची बनावट. पुढे गिरणी बंद पडली, पण पिस्तूल लालबागच्या आमच्या खोलीत, आजीच्या शालूखाली राहिलं. निवडणूक आली की आजोबा ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे. ते गेल्यावर बाबांनी ते या दुकानात जमा केलं, कारण परवान्याशिवाय वारसालाही शस्त्र घरात ठेवता येत नाही. विकायचं तेही परवाना असलेल्यालाच. ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी जवळपास बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलाला आज लाखांत भाव येतो. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं.

परतताना टॅक्सीत आजी म्हणाली, "एकदा वापरलंय."

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार. आजोबा मात्र ऑफिसात जात राहिले. पावसाळ्यातल्या एका रात्री समोरच्या खोलीतले काका आले. मागावर काम करणारे. बाबांच्या बारशाला पाळणा त्यांच्याच घरून आला होता. उद्यापासून जाऊ नका, एवढंच ते सांगत होते. आजोबांनी उठून कपाटातलं पिस्तूल काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. रोखलं नाही. बोललेही नाहीत.

काका चहा तसाच टाकून गेले. दुसऱ्या दिवसापासून समोरचं दार बंद. चाळीत भरदिवसा दार बंद राहणं म्हणजे काय, हे चाळीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. वर्षभरात ते कुटुंब खोली सोडून कोकणात गेलं.

त्या रात्री मी फोनवर जुन्या पिस्तुलांबद्दल वाचत बसलो. 20 जानेवारी 1948 चा दिल्लीतला प्रयत्न फसल्यावर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईला परतले. शस्त्रासाठी भुलेश्वरच्या दीक्षित महाराजांकडे गेले. तिथं मिळालं नाही. 28 तारखेला ग्वाल्हेरात मिळालं: आधी कुणाकुणाच्या हातून गेलेलं इटालियन बेरेटा, सेमी-ऑटोमॅटिक, नंबर 606824. दोन दिवसांनी गांधीजी गेले.

तो व्यवहार चोरीछुपे झाला होता, आमचा कायद्यानं होणार होता. तरी झोप लागेना. रजिस्टरात नंबर, बोअर, बनावट लिहितात. पिस्तूल नुसतं टेबलावर ठेवल्याची नोंद कुठेच होत नाही.

दोन महिन्यांनी परवानगी आली. गिऱ्हाईक माझ्याच वयाचं. त्यानं विचारलं, "कधी चाललंय का?"

"चाललं नाही," आजी म्हणाली. "पण आमचा शेजार गेला त्यानं."

त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. तो हसला. आजीनं सही केली.

बाबा आता काठीशिवाय जिना उतरतात. आजीनं मला काकांच्या मुलाचा नंबर शोधायला सांगितला होता, तो मिळालाय. रोज संध्याकाळी ती विचारते, "लावायचा का?" आणि मी फोन हातात घेतला की म्हणते, "उद्या."