चांदवडचा रंगमहाल आणि वन्संची जीप

नाशिकहून मालेगावकडे निघालं की आग्रा रोडवर साधारण पासष्ट किलोमीटरवर चांदवड येतं. आपल्यापैकी बहुतेक जणींनी ते एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. डोंगरांची रांग दिसते, हमरस्त्यालगत रेणुकामातेचं देऊळ येतं, बसल्या जागी हात जोडायचे की गाव मागे पडलं! पण मैत्रिणींनो, एकदा तिथे उतराच. मी पौषात उतरले ती होळकरांचा रंगमहाल बघायला म्हणून, आणि परतताना डोक्यात होती एक जुनी जीप. तुम्ही म्हणाल, बायकांच्या मासल्याचा हा विषय आहे का? आहे बाई. घरात एक म्हातारी गाडी उभी आहे, मुलगा तिच्यात नवं इंजिन घालायचं म्हणतोय आणि पैसे आईनं राखून ठेवलेल्या कांद्याच्या पट्टीतून जायचे आहेत. मग तो विषय कुणाचा?

आधी रंगमहाल. अठराव्या शतकात चांदवड होळकरांकडे आलं. गावातला हा वाडा अहिल्याबाईंच्या नावानं ओळखला जातो. बाहेरून पाहिलं तर नुसता भक्कम दगडी वाडा. आत गेलं की सागवानी खांब, त्यांवरची बारीक कोरीव वेलबुट्टी आणि भिंतींवर उरलेली रंगीत चित्रं. रंग पुसट झालेत, तरी माणसं-घोडे ओळखू येतात. एके काळी इथे टांकसाळही होती. ‘चांदवडी रुपया’ हे नाव तुमच्या आजीच्या तोंडी असेल, तो रुपया इथलाच.

माझ्याबरोबर वन्संचा धाकटा होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, चांदवडलाच शिकतो. मी खांबावरची नक्षी बघत होते आणि हा मोबाइलवर मला एक मोटार दाखवत होता. “मामी, ही पण होळकरांचीच बरं का.”

बघितलं तर खरंच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, १९२६ ते १९४८ गादीवर होते. त्यांना मोटारींचा भारी शौक. त्यांनी १९३५ साली एक ड्यूसेनबर्ग गाडी बनवून घेतली. खालचा सांगाडा आणि आठ सिलिंडरांचं इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं, आणि वरचं अंग लंडनच्या गर्नी नटिंग नावाच्या बांधणाऱ्यांकडून. एवढी लांबलचक गाडी, पण बसायला जागा दोघांना! रंग भगवा नि काळा. इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती, असा कंपनीचा दावा होता. कापड एका दुकानातून आणावं आणि शिलाई आपल्या विश्वासाच्या शिंप्याकडे टाकावी, तसा हा प्रकार. त्या काळी श्रीमंतांच्या मोटारी अशाच शिवल्या जात.

“हे राजेमहाराजांचं झालं,” भाचा म्हणाला, “पण गरिबाघरच्या पोरांनी काय केलं माहितेय? ते ‘हॉट रॉड’.”

हा शब्द मी तरी पहिल्यांदाच ऐकला. म्हणून तुम्हालाही सांगते. फोर्डनं १९३२ साली आठ सिलिंडरांची ‘व्ही-एट’ गाडी सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा भावात काढली. काही वर्षांनी त्या जुन्या झाल्या, पाण्याच्या भावानं मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या घेतल्या. विशेष आवडीची ती कूपे, म्हणजे दोन दारांची, बंद टपाची छोटी गाडी. तिचे मडगार्ड काढायचे, बॉनेट काढायचं, होईल तेवढं वजन उतरवायचं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर शर्यती लावायच्या. १९३७ साली त्यांनी आपली संघटनासुद्धा काढली. महायुद्धातून परतलेल्या तरुणांनी हे वेड आणखी वाढवलं, आणि १९५५ मध्ये शेवरलेचं नवं, हलकं व्ही-एट इंजिन आल्यावर तर जुन्या फोर्डच्या पोटात शेवरलेचं इंजिन हा नेमच होऊन बसला. आपण नाही का, विरलेल्या पैठणीचे काठ-पदर सोडवून नव्या कापडाला लावत? काठ आजीचे, पोत आजचं. तसंच हे.

आपल्याकडेही फोर्ड १९२६ पासून आणि जनरल मोटर्स १९२८ पासून मोटारी जोडून विकत होत्या. पण कूपे घेऊन शर्यती लावण्याची चैन इथे कुणाला? इथे जे झालं ते पोटासाठी झालं. त्याचा नमुना वन्संच्या अंगणात उभा आहे.

ही जीप १९६५ सालची, महिंद्राची. उंच बॉनेटची. बॉनेट उंच का, तर आतलं विलीजच्या घडणीचं पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून. वन्संच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ती घेतली शेतासाठी. खत आणायला, कांदा न्यायला, बाळंतिणीला नाशिकला पोचवायलाही. वन्सं लग्न होऊन चांदवडात आल्या त्या ह्याच जीपमधून. पण पेट्रोल प्यायची लिटरला सात-आठ किलोमीटर! १९७३ नंतर जगभर तेल भडकलं आणि शेतकऱ्याच्या घरची जीप दाराशी उभी राहू लागली.

तेव्हा सगळ्या आग्रा रोडवर एकच इलाज चालला होता: पेट्रोलचं इंजिन काढा, डिझेलचं बसवा. कुणी ट्रॅक्टरच्या जातीचं बसवी, कुणी मॅटेडोरचं. महिंद्रांनी १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि ती डिझेल इंजिनं आपल्या इगतपुरीला तयार होऊ लागली, २११२ सीसीची. इगतपुरी म्हणजे ह्याच रस्त्यावरचं गाव. मामंजींनी १९८७ मध्ये तसलंच एक बसवून घेतलं आणि आर.टी.ओ.त जाऊन रीतसर नोंदवलं. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांनीही पुढे हेच केलं. अ‍ॅम्बेसेडरचं अंग पन्नासच्या दशकातलंच राहिलं, पण नव्वदच्या दशकात तिच्यात जपानी इसुझूचं इंजिन आलं. त्याला कुणी हॉट रॉड म्हटलं नाही एवढंच.

आता ते इगतपुरीचं इंजिनही थकलंय. सकाळी सुरू करायचं तर अर्धी आळी धुरात. भाच्याला तिथे बोलेरोचं २५२३ सीसीचं इंजिन हवंय. मिस्त्रींनी सव्वा लाख सांगितले. वन्संच्या पोटात गोळा.

“मामी, इंजिन जुन्याच गाडीतलं घेतोय, स्वस्तात पडतंय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “अरे, इंजिन स्वस्तात पडेल, पण त्याच्यामागचं लटांबर?”

मनमाड रस्त्यावरच्या त्या मिस्त्रींकडे मी तासभर बसले. शांत माणूस. त्यांनी जे दाखवलं ते मला फार पटलं, म्हणून सविस्तर सांगते. इंजिन नुसतं उचलून ठेवायचं नसतं. ते ज्यावर टेकतं त्या आधारांना, फाउंडेशनला, नव्यानं जागा करावी लागते. वजन वाढलं तर पुढचे पाटे दबतात आणि गाडी नाक खाली घालून चालते. गिअरबॉक्सचं तोंड आणि इंजिनाचं तोंड जुळत नाही, मध्ये पत्रा नव्हे, जाड प्लेट कातून घालावी लागते. ती केसभर तिरकी बसली की क्लच आणि बेअरिंग सहा महिन्यांत खलास. रेडिएटर मोठा लागतो, पण पंखा आणि रेडिएटर ह्यांच्यामध्ये बोटभर जागा उरली तर नशीब. मागच्या डिफरन्शियलचे दाते जुन्या हिशेबाचे, ते तसेच ठेवले तर साठच्या वेगालाच नवं इंजिन किंचाळतं.

आणि ब्रेक. ह्याच्यावर मिस्त्री सगळ्यांत जास्त बोलले. जुन्या जीपचे ब्रेक जुन्या वेगाला पुरतील असे. आताच्या गाड्यांत पायाला मदत करणारा बूस्टर असतो, तो हवेच्या ओढीवर चालतो. पेट्रोल इंजिनात ती ओढ आपसूक तयार होते, डिझेलमध्ये होत नाही. तिच्यासाठी वेगळा पंप लागतो. बूस्टर बसवला आणि पंप विसरला, तर पॅडल दगडासारखं! शिवाय उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोलची गाडी जशी स्वतःला आवरते, तशी डिझेलची आवरत नाही. म्हणजे ब्रेकवर भार आणखी वाढला.

चांदवडच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मालेगावकडे जाताना राहूडचा घाट आहे. उतारावर तापलेले ब्रेक आणि हाताबाहेर गेलेले ट्रक ह्यांच्या हकिकती इथल्या घरोघरी आहेत. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, इंजिन वेगानं पळवील हो. थांबवणार कोण?” सगळ्या कारखान्याचं शास्त्र त्या एका वाक्यात आलं असं मला वाटलं.

ह्यापुढची गोष्ट कागदाची. ती पोरांना कंटाळवाणी वाटते, म्हणून आपणच लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही ९ जानेवारी २०१९ ला हेच बजावलं. टप कापून दोन दारांची कूपे करणं वगैरे विसराच. इंजिन निकामी झालं तर त्याच जातीचं दुसरं बसवायला वाट आहे, पण आर.टी.ओ.ची परवानगी आधी हवी आणि इंजिनाच्या खरेदीची पावतीही हवी. भंगारातून विनापावतीचं इंजिन घरात आणू नका, ते कुठल्या चोरीच्या गाडीतलं निघेल सांगता येत नाही. आणि बदल लपवला तर अपघातात विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

दुसरी वाटही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की अंग, सांगाडा, इंजिन ह्यांत मोठा बदल केलेला नसावा. आणि गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची.

इथे एक गंमत कळली. मामंजींनी १९८७ मध्ये काढलेलं मूळ पेट्रोल इंजिन विकलंच नव्हतं! रिकाम्या कांदाचाळीच्या कोपऱ्यात, बारदानाखाली, तेलाचा हात देऊन ठेवलेलं. भाच्यानं बारदान ओढलं आणि आम्ही दोघी बघतच राहिलो.

माझं मत मी तिथेच सांगितलं: तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवा. इतकं जपलेलं कुणाकडे आहे? नोंदणी होईल तशी होवो, पण गाडी पुन्हा जशी होती तशी होईल. भाच्याचा चेहरा पडला. आणि वन्सं, ज्यांना मी माझ्या बाजूच्या समजत होते, त्या उसळून म्हणाल्या, “म्हणजे पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं का तिला? मामंजींनी इंजिन बदललं ते शेतात जाता यावं म्हणून. वर्षातून दोनदा मिरवायला नव्हे.”

ह्यावर मी काय बोलणार? वापरातली वस्तू जशीच्या तशी जपावी की चालती ठेवावी, हा वाद रंगमहालाच्या खांबांपाशीही आहेच. तिथे मी जपण्याच्या बाजूची आहे. वन्संच्या अंगणात मात्र माझं मत एकच आणि त्यांची दोन, त्यांचं आणि मामंजींचं.

शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. कांद्याच्या पैशांतून आधी ब्रेक: चारी चाकांचे नवे लायनर, नळ्या, मास्टर सिलिंडर. मग पाटे आणि स्टिअरिंग. इंजिनासाठी आर.टी.ओ.कडे लेखी अर्ज, आणि हातात परवानगी पडेपर्यंत एक पैसा इंजिनवाल्याला द्यायचा नाही. पेट्रोलचं इंजिन चाळीतच राहील, बारदान मात्र नवं.

तुम्ही चांदवडला जाल तेव्हा नाशिकहून एसटी आहेच; रेल्वेनं यायचं तर मनमाडला उतरावं, तिथून पंचवीसेक किलोमीटर. रंगमहालात डागडुजी चालू असली तर काही भाग बंद असतो, आधी विचारून घ्या. रेणुकामातेला सकाळीच जा, दुपारी दगड तापतो. पाणी बरोबर ठेवा, हा तालुका पाण्याच्या बाबतीत मोठा हात राखून आहे. नवरात्रात गर्दी फार. स्वतःच्या गाडीनं पुढे मालेगावकडे निघालात तर घाट उतरताना डिझेल वाचवायला म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्या ड्रायव्हरला, मग तो नवरा का असेना, तिथल्या तिथे टोका.

माघात वन्संचा फोन आला. ब्रेक झाले, जुन्याच इंजिनावर त्या देवळापर्यंत जाऊन आल्या, धूर तेवढाच. अर्ज अजून आर.टी.ओ.त आहे.