अंथरूण कुणाचं, पाय कुणाचे

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सांगणारे लोक बहुधा एकटे झोपत असावेत. शेजारी लेकरू असलं की ही म्हण अडखळते. ते आडवं होतं, गोधडी आपल्याकडे ओढतं, आणि त्याचे पाय दरवर्षी वाढतात. गोधडी तेवढीच राहते.

धाडहून एसटीने बुलढाण्याला कॉलेजला जाणाऱ्या आईचा हिशेब याच गोधडीवर मांडलेला असतो. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. उरलेल्या अर्ध्यात नोट्सची झेरॉक्स काढायची की पोरासाठी बिस्किटाचा पुडा घ्यायचा, हे मात्र सरकारने ठरवून दिलेलं नाही. त्यात दवाखान्यासाठी काढलेलं जुनं सूक्ष्म कर्ज, आणि त्याचा हप्ता बायकांच्या गटात भरायचा.

गंमत म्हणजे अंथरुणाचं माप रिझर्व्ह बँकेनेही घेतलं आहे. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ज्या घरात पैसा सोयाबीन विकल्यावरच दिसतो, तिथे महिन्याचं उत्पन्न कसं काढायचं? आणि घर म्हणजे कोण, तर नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. दिवसभर नातवाला सांभाळणारी आजी या घरात बसत नाही. तिच्याशिवाय सून साडेसातची गाडी पकडूच शकत नाही, हा भाग वेगळा.

म्हणीचं ऐकलं असतं तर बाबासाहेब आंबेडकर 1920 साली लंडनला गेलेच नसते. सिडनहॅम कॉलेजात 450 रुपये पगार, घरी रमाबाई आणि सात वर्षांचा यशवंत. संसारी माणसाने एवढ्यात समाधान मानावं, असंच कुणीही सुचवलं असतं. त्यांनी साठवलेले पैसे घेतले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेनांकडून 5,000 रुपये उसने घेतले, आणि निघाले. तिकडे खानावळीतलं जेवण पोटाला पुरायचं नाही. रात्री भूक लागली की पत्र्यावर पापड भाजून खायचे, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलं आहे. पापडावर रात्र काढणारा हा विद्यार्थी प्रबंध लिहीत होता रुपयाच्या प्रश्नावर! 1923 साली तो पुस्तकरूपाने आलाही.

म्हणजे पाय अंथरुणाबाहेर काढावेत? तसं म्हणावं, तर बाबासाहेबांचं कुटुंब राहायचं ती परळची चाळ आठवते. तिकडे पापड भाजले जात होते तेव्हा इकडे घर चालवलं रमाबाईंनी. लंडनची काटकसर नेमकी कुणाच्या खात्यावर मांडायची, हे ठरत नाही. शिवाय भथेना मित्र होते. त्यांचा माणूस दर आठवड्याला वसुलीची वही घेऊन दारात बसत नव्हता. त्यामुळे कर्जात असूनही शिकणाऱ्या आईला बाबासाहेबांचा दाखला द्यावा, तर तो निम्माच लागू पडतो. न द्यावा, तर म्हणच जिंकते, आणि तेही पटत नाही.

शैक्षणिक कर्जात फी, पुस्तकं, वसतिगृह असे रकाने असतात. लेकराच्या दुधाला रकाना नाही. वसुलीच्या दिवशीच पेपर आला, तर हप्ता घेऊन आजीच जाते. वहीवर नाव मात्र सुनेचं.