अन्ना आणि अण्णा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी घरी आली, की आमच्या मास्तरी घरात जरा परदेशचे वारे शिरते. यंदा तिने लॅपटॉपवर एक जुना इटालियन चित्रपट आणला होता : मिकेलांजेलो अंतोनिओनीचा १९६० सालचा ‘लाव्हेंतुरा’. "बाबा, कादंबऱ्या लिहिता ना? मग हा पाहायलाच हवा," असा तिचा हुकूम! पन्ह्याचे पेले घेऊन आम्ही सारे बसलो. शेजारचे ड्रॉइंगमास्तरही आले.

कथा म्हणाल तर एवढीशी. काही श्रीमंत मंडळी नौकेतून सिसिलीजवळच्या एका ओसाड बेटावर उतरतात. त्यांतली अन्ना नावाची तरुणी एकाएकी नाहीशी होते. तिचा प्रियकर सान्द्रो आणि मैत्रीण क्लॉदिया तिला शोधू लागतात, आणि शोधता शोधता एकमेकांच्याच प्रेमात पडतात. अन्ना सापडत नाही. ती कुठे गेली, हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगतच नाही. बाकी सारे खडक, वारा, समुद्र आणि लांबच लांब शांतता.

चित्रपट संपला आणि वादाला तोंड फुटले. "अहो, सव्वादोन तास माणसे नुसती भिंतींकडे नि समुद्राकडे बघत उभी! तेवढ्यात माझे पापड वाळत घालून झाले असते," सौभाग्यवती म्हणाल्या. ड्रॉइंगमास्तरांना मात्र त्यातले प्रत्येक दृश्य चौकटीत बसवून भिंतीवर टांगावेसे वाटत होते. माझ्यातला कादंबरीकारही दुखावला होता. पहिल्या प्रकरणात हरवलेले पात्र शेवटच्या प्रकरणात हजर करावे, हा आमचा कुळधर्म!

मुलगी हसून म्हणाली, "१९६० साली कान महोत्सवातही हेच झालं. लोकांनी हुर्यो उडवली. पण दुसऱ्याच दिवशी रोसेलिनीसारख्यांनी सह्यांचं पत्रक काढून याची बाजू घेतली. परीक्षकांचं पारितोषिकही मिळालं. पुढे १९६२ साली ‘साइट अँड साउंड’ने समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा जगातल्या उत्तम चित्रपटांत हा दुसरा आला!"

या गडबडीत आई गप्पच होती. सुरुवातीला ती डुलक्या घेत होती. पण बेटावर शोधाशोध सुरू झाली, खडकांवरून "अन्ना! अन्ना!" अशा हाका येऊ लागल्या, आणि आई एकदम ताठ बसली. मग शेवटपर्यंत तिची पापणी लवली नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी सायकल घेऊन बाहेर पडला, तो परतलाच नाही. आम्ही स्टेशने धुंडाळली, नातेवाइकांना पत्रे घातली, वर्तमानपत्रात फोटो दिला. पुढे अण्णाची खाट माझ्याकडे आली, मग टेबल आले. त्याच टेबलावर मी माझ्या कादंबऱ्या लिहिल्या. चित्रपटात क्लॉदिया अन्नाचा ब्लाउज अंगात घालते. मीही त्याचा लोकरीचा स्वेटर दोन हिवाळे वापरला. मला तो अगदी मापाचा झाला होता. आईला वाईट वाटेल म्हणून घरात त्याचे नाव निघेनासे झाले. निदान आम्ही कारण तरी तेच सांगत होतो.

वाद जरा निवला, तशी आईने विचारले, "त्या पोरीला शोधायचं यांनी थांबवलं कधी रे?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. मुलीने चित्रपट दोनदा पाहिला होता. तिलाही सांगता येईना.

"नाही ना कळलं? तसंच होतं बघ," आई म्हणाली.

शेवटच्या दृश्यात पहाटेच्या वेळी सान्द्रो बाकावर बसून रडतो आणि क्लॉदिया मागून येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवते. ती क्षमा की कीव, यावरही मुलीचे आणि ड्रॉइंगमास्तरांचे जुंपले होते. मी खाली सतरंजीवर बसलो होतो. खुर्चीवरून उठताना आईने माझ्या डोक्यावर हात टेकला. आधारासाठीच असेल. पण उभी राहिल्यावरही तिने तो लगेच काढला नाही.

"आई," मी म्हणालो, "अण्णाला पन्हं फार आवडायचं, नाही?"