हळदीची गाडी आणि परभणीचं पाणी

वसमतच्या मोंढ्यातून हळदीची पोती भरून दहाचाकी गाडी सांगलीला निघाली होती आणि तिच्या केबिनमध्ये मला जागा मिळाली होती. वाट ठरलेली: परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई आणि पुढं बार्शी-सोलापूर. एप्रिल सरत आलेला. नांगरून टाकलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी तापत पडली होती, आणि काचेतून येणारा वारा तोंडावर झळ मारत होता.

झिरो फाटा मागं पडला तसं ड्रायव्हरभाऊंचं लक्ष रस्त्यावरून सारखं तापमानाच्या काट्याकडं जाऊ लागलं. "सर, गाडी पाणी पिऊलालीय," म्हणत त्यांनी ती लिंबाखाली घेतली. बंपरमागून हिरवट पाणी ठिबकत होतं आणि डांबरावर पडल्या पडल्या सुकत होतं. क्लीनर पोरगं फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडं वळलं, तसे भाऊ ओरडले, "हात लावू नको! तोंडावर येईल." टोपणाच्या दाबामुळं आतलं पाणी 100 अंशांवर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की क्षणात वाफ होऊन उसळतं. रस्त्यावर भाजलेले हात बहुतेक याच घाईचे.

"मग चिमूटभर हळद टाकू का? मागं भरलीय की," पोरगं म्हणालं. हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. हळद पाण्यात फुगते, गळतीच्या जागी जाऊन बसते आणि गाडी गावापर्यंत पोचते. भाऊंनी मान हलवली. "भोक बुजतं अन् नळ्याबी बुजतात. पुढं घाट चढायचाय." भरलेली दहाचाकी 28 टनांच्या घरात जाते. तेवढं ओझं बालाघाटावर ओढताना इंजिनाला पाण्याशिवाय कोण सांभाळणार?

गाडी निवली. कॅननं पाणी घालत, थांबत थांबत निघालो. राहाटीच्या पुलावर पूर्णा ओलांडली. पात्रात पाण्यापेक्षा खडकच जास्त दिसत होता. परभणीत गंगाखेड रस्त्याला एका गॅरेजसमोर गाडी लागली, तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या.

मिस्तरी उतारवयाचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. केबिन पुढं कलली आणि आतला पसारा उघडा पडला. चाचांनी बॅटरीचा झोत टाकत रेडिएटरच्या जाळीवर बोट फिरवलं. वरच्या टाकीच्या कडेला, अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथं दाबून जोडतात, तिथंच पाझर होता. "तांब्याची असती तर झाळून दिली असती," ते म्हणाले. "हिला झाळ धरत नाही. नवीच टाका."

भाऊंनी मालकाला फोन लावला. भावावरून दोन्हीकडून बरंच झालं आणि शेवटी पोरगं दुकानातून नवी जाळी घेऊन आलं. तोवर खालचा नळ सोडून उरलंसुरलं पाणी घमेल्यात काढलं होतं. इंटरकूलरचे पाइप, पंख्याभोवतीचं कडं, वरचा-खालचा होज, एकेक सुटत गेलं. दोघांनी जुनी जाळी उचलली. चाचांनी नवीखाली नवे रबरी बुश घातले. "हे जुने ठेवले तर गाडीचा हादरा थेट जाळीला बसतो. अन् मग म्हणायचं, माल खराब निघाला."

मग त्यांनी जुन्या जाळीची टाकी पक्कडीनं उचकटून मला आत पाहायला लावलं. चपट्या नळ्यांच्या तोंडांवर पांढुरका, खरबरीत थर चढला होता. काही तोंडं पार मिटली होती. नखानं खरवडलं तर भुगा निघाला. हंड्याच्या बुडाला, गिझरच्या कॉइलला बसतो तोच क्षार. मराठवाड्याच्या काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी चुना-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. उन्हाळ्यात धाब्यावर मिळेल ते पाणी कॅनमध्ये भरायचं, जाळीत ओतायचं. पाणी आटतं, क्षार राहतो. गळती आज दिसली होती, पण अर्ध्या नळ्या तिच्या आधीच कामातून गेल्या होत्या. हळद टाकली असती तर उरलेल्याही गेल्या असत्या.

नवीत कूलंट आणि फिल्टरच्या जारचं पाणी अर्धं-अर्धं गेलं. इंजिन चालू ठेवून चाचा बारीक धारेनं ओतत राहिले. आतली हवा बुडबुडे होऊन निघाली, पातळी खाली गेली, पुन्हा भरली. बुडबुडे थांबले तेव्हाच टोपण बसलं.

उन्हं कलल्यावर निघालो. पोखर्णीच्या नृसिंहाला भाऊंनी हात जोडले. जनाबाईंच्या गंगाखेडला गोदावरी ओलांडली आणि परळीच्या पुढं चढ सुरू झाला. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत होती, काटा मात्र अर्ध्यावरून हलला नाही. ही वाट सांगलीकडं जाते. 2016 च्या उन्हाळ्यात त्याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. हळद तिकडं, पाणी इकडं.

घाटमाथ्यावर गाडी थांबली. माझी बाटली रिकामी होती. सीटमागच्या अर्ध्या भरलेल्या जारकडं मी बोट केलं, तर भाऊंनी पलीकडचा हापसा दाखवला.

"ते गाडीचं हाय, सर. आपल्याला हापशाचं चालतंय की."